खऱ्या कारणाचा अर्ज

गारखेड्यातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवणाऱ्या मुंजाबा सरांना फर्दापूरच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्यांच्यापुढं एक गंभीर प्रशासकीय प्रश्न उभा राहिला. मंगळवारी मुलाखतीला जायचं, तर रजा हवी. रजा हवी, तर घरात कुणीतरी मरायला हवं.

हा त्या शाळेचा जुना दस्तूर होता. दुसरीकडं मुलाखत असली की शिक्षक एखादा नातेवाईक निवडायचा आणि 'अकस्मात निधन झाल्याने' असं लिहून अर्ज द्यायचा. सही करण्याआधी मुख्याध्यापक बद्रीनाथ सर थोडा वेळ डोळे मिटून उभे राहत. इतिहासाच्या बन्सी सरांचे मामा तर या रीतीनं दर उन्हाळ्यात वारायचे. एका स्नेहसंमेलनाला हे मामा स्वतः बुलेटवरून आले, तेव्हा बद्रीनाथ सरांनी त्यांना हार घातला आणि तब्येतीची चौकशी केली. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मुंजाबा सरांना फर्दापूरची नोकरी अगदी जिवापासून हवी होती. त्यांची बायको सुगंधा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिची बदली काही केल्या होत नव्हती. सर रविवारी गेले की त्यांची चिमुरडी लेक दारातूनच आत ओरडायची, "आई, पाव्हणे आले!" सुगंधा हसायची. सरांना मात्र परतीच्या बसमध्ये सिल्लोडपर्यंत तो शब्द छळायचा.

म्हणून त्यांनीही बिरूचुलत्याला मारायचं ठरवलं. ते अर्ज लिहीत असताना त्यांची आई बानाबाई जवळ येऊन बसली.

"बिरूभावजी तिकडं धडधाकट मेंढरं राखायलेत, अन् तू त्यांची मौत लिहितो? शोभतं का तुला? खरं काय ते सांग की सायबाला. खरं बोलल्यानं कुणाची रजा अडत नाय."

बानाबाईंनी जन्मात कधी नोकरी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ सरांनी 'मुलाखतीस जाणेकामी' हे शब्द वाचले आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"हे काय लिहिलं, सर?"

"खरं कारण लिहिलंय."

"ते दिसायलंय मला. पण खरं कारण मंजूर करायची सोयच नाय आपल्याकडं. मयताचं आणा, आत्ता सही करतो. चुलता नको असंल तर आत्या चालंल. लांबची बी चालंल."

"आईनं मना केलंय, सर."

"मग आईच..." एवढं बोलून बद्रीनाथ सर थबकले. ते मनानं वाईट नव्हते. "जाऊ द्या. वर पाठवतो."

वर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सोडून जायचं, ते बी सांगून! उभ्या हयातीत असा अर्ज बघितला नाय. लई मोठं मन हाय तुमचं, सर."

सरांच्या जिवात जीव आला. "मग साहेब, रजा..."

"रजेचं काय घेऊन बसलात? जाहीर सत्कार करू तुमचा! शाल, श्रीफळ, फेटा. झाडून सगळ्या पालकांना बोलवू. खरेपणाची कदर झाली पाहिजे. मंगळवारी घेऊ. बाकीचे दिवस मला लग्नं हायेत."

"मंगळवारीच मुलाखत हाय, साहेब."

"व्हय, वाचलं की अर्जात. म्हणूनच तर सत्कार!" आप्पासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीच नसलात तर फेटा कुणाला बांधू? लोक म्हणतील, मास्तर खोटं बोलून पळाला. अन् तासांची काळजी करू नका. सत्कारासाठी दिवसभराची रजा मंजूर!"

सरांनी फर्दापूरच्या शाळेला फोन करून दुसरा दिवस मागितला. तसा नियम नव्हता.

सोमवारी शाळेवर दुःखाचा डोंगर कोसळला. मराठीच्या बाईंचे सासरे, शास्त्राच्या सरांची मावशी आणि बन्सी सरांचे मामा एकाच रात्री गेले. फर्दापूरला सगळ्याच विषयांच्या जागा निघाल्यात, हे मुंजाबा सरांना तेव्हा कळलं. संध्याकाळी बद्रीनाथ सरांच्या सासूबाईही वारल्या. तिथं मुख्याध्यापकाचीही जागा रिकामी होती.

मंगळवारी सभागृह पालकांनी खचाखच भरलं. शिक्षकांच्या खुर्च्या तेवढ्या मोकळ्या होत्या. आप्पासाहेबांनी जड आवाजात सगळ्या मयतांसाठी सभेला उभं केलं. मुंजाबा सरही फेटा बांधून, मान खाली घालून बन्सी सरांच्या मामांसाठी उभे राहिले. खाली बसतात न बसतात तोच खिशातला फोन थरथरला. सुगंधाचा होता.

"कुठं हाव तुम्ही? तुमचं नाव पुकारलं इथं. मी दवाखान्यातून पळत आले, दारात उभी हाय."

"मी स्टेजवर हाय."

"कसल्या स्टेजवर?"

सरांचा हात डोक्यावरच्या फेट्याकडं गेला.

"तुमची पाळी गेली. बन्सीभावजी आत गेलेत," ती म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही.

सरांना रडू फुटलं. कितीही आवरलं तरी आवरेना. आप्पासाहेबांनी ते पाहिलं आणि माईक जवळ ओढला.

"बघा! खऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघा! असा मास्तर आपल्या लेकरांना शिकवतो, हे नशीब हाय आपलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वास्तविक मंगळवार हा कामाचा दिवस. कुणी बँकेतून आलं होतं, कुणी कारखान्यातून, कुणी सरकारी कचेरीतून. खऱ्या कारणासाठी टाळ्या पिटणाऱ्या त्या प्रत्येकाला त्या दिवशी रजेच्या अर्जात ताप तरी भरला होता, नाहीतर त्याच्या घरी मयत तरी झाली होती.

तिसऱ्या रांगेत तुम्हीही होतात. तुमच्या टाळ्या तर सगळ्यांत जोरात होत्या. तुमच्या घरी कोण वारलं होतं हो?