म्हाताऱ्याचा कान

कागद सोमवारी आला, कोणीच वाचला नाही आणि त्यामुळे गुरुवारी तातडीचा झाला. साहेबांनी तो दोन बोटांत धरून नकाशेवाल्यांच्या टेबलावर आणून ठेवला.

"हे तुमचं. डोंगर आला म्हणजे नकाशा आला, आणि नकाशा आला म्हणजे तुम्ही आलात. संध्याकाळपर्यंत भरून द्या."

नकाशेवाले नगर कार्यालयात एकोणतीस वर्षं नकाशे काढत होते. माणूस मोठा नेटका. त्यांच्या नकाशावर कोणी चहाचा कप ठेवला, तर ते त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसत. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. वरच्या कार्यालयाला मानवी देहाशी साम्य असलेल्या डोंगरांचं एक पुस्तक काढायचं होतं. कुठे अंगठ्यासारखा सुळका असतो, कुठे गुडघ्यासारखी टेकडी, कुठे पाठीच्या कण्यासारखी डोंगररांग. तुमच्याकडे असं काही असल्यास सोबतचा तक्ता भरून पाठवा, अशी विनंती होती.

आता असं काही या गावाकडे नसतं, तर कुणाकडे असणार? गावाच्या उत्तरेला 'झोपलेला म्हातारा' आडवा पसरला होता. डाव्या हाताला कपाळ, मग धारदार नाक, ओठ, हनुवटी, पुढे पोट आणि शेवटी गुडघे. सकाळचं पहिलं ऊन नाकाच्या शेंड्यावर पडायचं. नकाशेवाल्यांच्या आईने गावच्या शाळेत छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि दर वर्षी पहिलीच्या वर्गाला शरीराचे अवयव तिने या डोंगरावरच शिकवले. गाव तिला 'बाई' म्हणायचं. आज गावात जो कोणी स्वतःच्या हनुवटीला हनुवटी म्हणत होता, तो बाईंच्या आणि म्हाताऱ्याच्या कृपेने.

म्हणून तक्ता भरताना नकाशेवाल्यांना अडचण आली नाही. नाव: झोपलेला म्हातारा. स्थिती: उताणा. अवयव: कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, पोट, गुडघे. चौथा रकाना होता, 'नसलेले अवयव'. दुसऱ्या कोणी तिथे 'काही नाही' लिहून घर गाठलं असतं. नकाशेवाल्यांनी खिडकीतून डोंगराकडे दहा मिनिटं पाहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'कान'.

पाचवा रकाना होता, 'अवयव अपूर्ण असल्यास पूर्ण करण्यास लागणारा कालावधी'.

इथे ते थबकले. रकाना कोरा सोडायची सोय नव्हती. मागे एकदा विहिरींच्या तक्त्यात त्यांनी 'वारसाचे नाव' हा रकाना कोरा सोडला होता, तर तो तक्ता तीन वेळा परत आला होता. शेवटी त्यांनी शेजारच्या विहिरीचं नाव लिहिलं, तेव्हा मंजूर झाला. त्या दिवसापासून कोरा रकाना दिसला की त्यांचा हात आपोआप चालायचा. तो आताही चालला. त्यांनी लिहिलं, 'पंधरा दिवस'.

आठवड्याने उत्तर आलं. 'डोंगराचा कान पूर्ण करण्याच्या आपल्या प्रस्तावास मान्यता देण्यात येत आहे. काम आजपासून पंधरा दिवसांत पूर्ण करावे. सोळाव्या दिवशी सकाळी तपासणी होईल.'

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा उलटं धरून वाचलं आणि बैठक बोलावली.

"नकाशेवाले, डोंगराला कान कधी उगवतो?"

"नाही उगवत, साहेब."

"मग पंधरा दिवस कुठून आणलेत?"

"रकाना रिकामा होता, साहेब."

यावर जो तो आपापली फाईल चाळू लागला. कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी रिकामा रकाना भरला होता. वरच्या कार्यालयाला 'चूक झाली' असं कळवावं, असं नकाशेवाल्यांनी सुचवलं. पण चूक कळवण्याचा तक्ता अस्तित्वात नव्हता. मग इंजिनियर म्हणाले, "कान काय, खोदता येईल. फक्त कोणता ते ठरवा. डोकं डावीकडे आहे, म्हणजे डावा."

"उजवा," नकाशेवाले म्हणाले. "म्हातारा उताणा आहे. डोकं आपल्या डावीकडे असलं की आपल्याकडे त्याची उजवी बाजू येते."

"असं कसं? डावीकडे ते डावं."

पाऊण तास हे चाललं. कोणी बोटं फिरवून पाहिली, कोणी पेन आडवं ठेवून पाहिलं. अखेर साहेबांचा संयम सुटला. "अहो, त्यात काय एवढं!" म्हणत त्यांनी बूट काढले, फायली बाजूला सारल्या आणि ते बैठकीच्या लांबलचक टेबलावर उताणे पडले. "हां, हा मी डोंगर. आता बघा माझा कोणता कान दिसतो ते."

सगळे एका बाजूला जमले आणि वाकून पाहू लागले. आकृती नीट यावी म्हणून साहेबांनी डोळे मिटले, पोटावर हात ठेवले आणि गुडघे किंचित वर घेतले. नेमका त्याच क्षणी गटाराच्या तक्रारीबद्दल विचारायला वर्तमानपत्राचा फोटोवाला दार ढकलून आत आला. त्याने तक्रार विचारलीच नाही. फोटो काढला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर साहेब होते. खाली लिहिलं होतं, 'भर बैठकीत साहेबांना गाढ झोप, अधिकारी कौतुकाने पाहत उभे'. साहेबांनी ताबडतोब खुलासा पाठवला, 'मी झोपलो नव्हतो. मी डोंगर होतो.' तोही छापून आला आणि त्याने प्रकरण अधिकच चिघळलं. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, "साहेब, आज डोंगर की माणूस?"

आता माघार शक्यच नव्हती. कान झाला, तरच साहेब टेबलावर का झोपले ते लोकांना पटणार होतं. उजवा कान ठरला. खोदाईचं मशीन असलेला कंत्राटदार डोंगरावर जाऊन आला. दाढी खाजवत तो म्हणाला, "कान करून देतो. पण तिथं जायला वाट नाही. खाली दरी, मागं कडा. मशीन वरूनच उतरवावं लागणार. आणि वर नाक आडवं येतंय."

"मग?"

"नाकाचा शेंडा उडवला की रस्ता सरळ. दोन तासांचं काम."

नकाशेवाले खुर्चीवरून उठले. "अहो, पण नाकामुळे तर तो म्हातारा आहे! नाक गेलं तर राहिलं काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "नकाशेवाले, तपासणी कशाची आहे? कानाची. नाकाचं कोणी विचारलंय का?"

संध्याकाळी नकाशेवाले घरी आले ते चोरासारखे. आई मागच्या गॅलरीत नेहमीच्या खुर्चीत बसली होती. समोर म्हातारा मावळत्या उन्हात निवांत पहुडला होता. नकाशेवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. वय वर्षं छप्पन, पण सांगताना ते नकळत हाताची घडी घालून उभे राहिले.

"त्या रकान्याचं उत्तर तुला येत होतं का?" आईने विचारलं.

"नव्हतं येत."

"मग कोरं का नाही सोडलंस? पहिलीत मी काय शिकवलं होतं? येत नसेल ते कोरं सोडायचं. ठोकून द्यायचं नाही."

"अगं आई, कोरं सोडलं तर तक्ता परत येतो."

"येऊ दे की. तक्ता दहादा परत येईल. नाक येणार आहे का परत?"

रात्री आईने नकाशेवाल्यांना वाढलं, पण 'अजून घे' म्हणाली नाही. त्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती.

पंधरा दिवसांतले बारा, कान केवढा असावा आणि पाळी लोंबती ठेवावी की चिकटलेली, यावर गेले. उरलेल्या तिनांत मशीन कसंबसं म्हाताऱ्याच्या कपाळापर्यंत चढलं. सोळावा दिवस उजाडला, तरी कानाचा पत्ता नव्हता. पण साहेब डगमगणारे नव्हते. "काम पूर्ण नसलं तर काम चालू दाखवायचं," ते म्हणाले. म्हातारा सर्वांत छान दिसायचा तो नकाशेवाल्यांच्या गॅलरीतून, म्हणून तपासणी तिथेच ठेवली. तपासणीबाई आल्या की साहेब पांढरा रुमाल हलवणार, वर मशीनवाला दुर्बिणीतून तो बघणार आणि थेट नाकाला हात घालणार, असं ठरलं.

तपासणीबाई वेळेवर आल्या. काळी बॅग, कानांवरून मागे घेतलेले दाट केस, हातात तोच तक्ता. खुर्चीवर बसता बसता त्यांनी विचारलं, "कान कुठे आहे?"

साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. त्यांचा हात खिशाकडे गेला.

"कान ना?" आई आपल्या खुर्चीतून म्हणाली. "आहे की. मी सांगते. पण आधी तू मला सांग बाळ, थंडीच्या दिवसांत झोपताना तू कानांचं काय करतेस?"

तपासणीबाईंना कित्येक वर्षांत कोणी बाळ म्हटलं नव्हतं. त्या जरा गडबडल्या. "झाकून घेते."

"शहाणी आहेस. आता तिकडे बघ. कपाळामागे ती दाट झाडी दिसते? कपाळावरून खाली मानेपर्यंत आलेली?"

"दिसते."

"ती त्याची कानटोपी. तिथे वर केवढा गार वारा असतो, आणि हा बिचारा जन्मभर उघड्यावर झोपलेला. छत्तीस वर्षांत छत्तीस पोरांनी तरी मला विचारलं, बाई, म्हाताऱ्याचा कान कुठाय? तुमचे हे साहेबसुद्धा विचारायचे. कानटोपी म्हटल्यावर पटायचं सगळ्यांना. का रे, पटलं होतं ना?"

"हो बाई," साहेब म्हणाले. त्यांनीही हाताची घडी घातली होती.

तपासणीबाईंनी तक्त्यावर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "पण आजी, मला तर कान दिसत नाही. दिसत नाही तो आहे, असं कसं लिहू?"

"तुझा तरी मला कुठे दिसतोय, केसांखाली? म्हणून तुला खोदायला आलं का कोणी?"

तपासणीबाईंचा हात आपोआप कानाकडे गेला. कान जागेवर होता. त्यांनी मान डोलावली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'कान: आहे. झाकलेला.'

साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. आता मात्र कपाळावरचा घाम भुवया ओलांडून डोळ्यांत उतरला. सुटकेच्या भरात त्यांनी खिशात हात घातला आणि रुमालाचं पांढरं टोक बाहेर आलं.

"साहेब!" नकाशेवाले ओरडले. एका हाताने त्यांनी साहेबांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने, एकोणतीस वर्षांत ज्यावर धुळीचा कण बसू दिला नव्हता, तो तपासणीसाठी कार्यालयातून आणलेला डोंगराचा मोठा नकाशा पुढे केला. "साहेब, याने पुसा!"

साहेबांनी घाम नकाशाला पुसला. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एकमेकांत फिसकटलं. वर डोंगरावर मशीनवाला दुर्बीण लावून वाट पाहत बसला, दुपारी कंटाळला आणि मशीन घेऊन खाली आला.

"एक राहिलं," निघताना तपासणीबाई म्हणाल्या. "नवा रकाना आहे. अवयव झाकलेला असल्यास उघडण्यास लागणारा कालावधी."

सगळ्यांनी नकाशेवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी सवयीने पेन उचललं. 'पं' लिहून झालं होतं. तेवढ्यात आई हळूच खोकली. पहिलीच्या वर्गात कोणी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावलं की ती असंच खोकायची. नकाशेवाल्यांनी 'पं' खोडला आणि रकाना कोरा सोडला. विहिरींच्या त्या तक्त्यानंतर पहिल्यांदाच.

"कोरा चालत नाही हो," तपासणीबाई म्हणाल्या. "तक्ता परत येईल."

"येऊ दे की," नकाशेवाले म्हणाले.

त्या रात्री आई त्यांना दोनदा 'अजून घे' म्हणाली.

तक्ता परत आलाच. कोऱ्या रकान्याभोवती लाल शाईने गोल काढला होता. नकाशेवाल्यांनी तो घरी नेला, आईला विचारलं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं, 'थंडी संपल्यावर.' वरच्या कार्यालयाने याची रीतसर नोंद घेतली. त्यामुळे आता दर सहा महिन्यांनी एक पत्र येतं, 'सदर डोंगराची थंडी संपली काय? त्वरित कळवावे.'

परवा असंच एक आलं. भर उन्हाळ्याची दुपार होती. रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. कार्यालयातला पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि तरी नकाशेवाल्यांच्या नाकावरून घामाचे थेंब कागदावर पडत होते. त्यांनी खिडकीतून एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. धारदार नाक उन्हात तळपत होतं.

त्यांनी घाम टिपला आणि खात्रीने लिहिलं, 'अद्याप नाही.'