निमकरांची दुर्री-सत्ती

आमच्या शेजारचे निमकर मोबाईलवर पोकर खेळताना काळा गॉगल लावतात. घरात, पंख्याखाली, सोफ्यावर बसून. "समोरचा डोळे वाचतो हो," असं त्यांचं म्हणणं. समोरचा कुठल्या गावी बसलेला असतो देव जाणे. त्याला निमकर दिसत नाहीत, हे त्याचं भाग्य. मी सांगून पाहिलं. "तुम्हाला यातलं कळत नाही, वहिनी," असं उत्तर मिळालं.

कळायचंय काय त्यात? प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, पाच मध्ये उघडी मांडतात. हातात काही नसलं तरी भरमसाट चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, लावून बाकीच्यांना घाबरवायचं. त्यांनी पानं टाकून माघार घेतली की डाव आपला. चिप्स खोट्या, पैशाचा संबंध नाही. पैसे लावायला निमकर काही वेडे नाहीत, ते वारज्याच्या मंडईत कोथिंबीर फुकट मागणारे.

पानं बहुधा दुर्री आणि सत्ती. याहून फालतू हात पोकरमध्ये नाही, हे त्यांनीच मला सांगितलं आणि लगेच त्यावर सगळ्या चिप्स लावल्या. "दम लागतो, दम." समोरच्याने शांतपणे राजांची जोडी दाखवली. निमकर म्हणाले, "आतून घाबरला होता."

खडकीच्या कारखान्यात जन्म काढला, तिथेही हेच. साहेबाला राजीनाम्याची धमकी द्यायचे. साहेब "द्या" म्हणाला, की "विचार करून सांगतो" म्हणून जागेवर येऊन बसायचे.

मुलगा सुहास नोकरी सोडून हॉटेल काढायला निघाला, तेव्हा त्यालाही म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." नुसती धमकीच होती. त्याने खरी धरली. बापाचं त्याने ऐकलेलं हे एकच. येरवड्याला राहतो, आईला फोन करतो, बापाशी दोन वर्षं अबोला. "माझं काय अडलंय?" असं निमकर जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात. विचारलेलं कोणीच नसतं.

परवा दुपारी त्यांच्या बायकोचा, सुमनताईंचा, डबा परत द्यायला गेले. त्या बहिणीकडे गेल्या होत्या. दार उघडून निमकर लगबगीने मोबाईलपाशी जाऊन बसले. मी डोकावले, तर हातात चक्क दोन एक्के, सगळ्यात भारी जोडी. समोरच्याने उरल्यासुरल्या सगळ्या चिप्स लावलेल्या. आणि या माणसाने एक्के टाकून दिले.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हरला असता तर उठून गेला असता तो."

"मग जाऊ दे की. तुमचं काय जातंय?"

"सुहास आहे." नाव त्यांनी अगदी हळू घेतलं. "कुठे खेळतो ते हिच्याकडून काढून घेतलं. हॉटेलातली गर्दी ओसरली की बसतो थोडा वेळ. मी कोण ते त्याला ठाऊक नाही. सांगू नका हं कोणाला."

डबा अजून माझ्या हातातच होता, तो मी टेबलावर ठेवला.

मग निमकरांनी एकेक अक्षर शोधत खेळाच्या पडद्यावरच त्याला लिहिलं, "जेवलात का?" पोटच्या पोराला 'जेवलात'.

उत्तर आलं, "हो. तुम्ही?"

ते त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मग लिहिलं, "हो, झालं आत्ताच."

सुमनताईंनी झाकून ठेवलेलं ताट टेबलावर तसंच होतं. मी ते उचललं आणि वरण गरम करायला आत गेले.