रेतीबंदरावरचे चाळीस व्हालंटियर

इसवी सन १८८५च्या श्रावणात कल्याणचे हरिहरपंत गद्रे यांना हुतुतू खेळण्याची इच्छा झाली. पंतांचे वय एकोणचाळीस, हुद्दा शाळेतील तिसरे मास्तर, डोक्यावर पगडी, पदरी दोन मुली आणि पोटात अधूनमधून वायू. अशा माणसाला अशी इच्छा होणे ही साधी बाब नव्हे, आणि ती साधी बाब म्हणून हाताळली गेली नाही.

इच्छेचे मूळ जुने होते. पंत सोळा वर्षांचे असताना रेतीबंदरावर ऐन मधल्या रेघेपाशी गुणाजी कोळ्याने त्यांचा पाय धरला होता. पंतांचे म्हणणे, आपला हात रेघेला लागला होता आणि दम शाबूत होता. गुणाजीचे म्हणणे, दम रेघेच्या अलीकडेच तुटला. त्यानंतर पंतांचे लग्न झाले, परीक्षा झाली, नोकरी लागली; पण तेवीस वर्षांत असा एक दिवस गेला नाही की दुपारी आडवे झाल्यावर त्यांना तो पाय आठवला नाही. गुणाजी तर बंदरावरच असायचा. होडी ओढायचा, जाळी वाळवायचा, आणि पंत दिसले की दोन बोटांत बोटभर अंतर धरून दाखवायचा. "एवराच राहिला व्हता, पंत!" हे पंतांना फार लागत असे.

आता कोणीही म्हणेल की मग जावे बंदरावर, काष्टा मारावा आणि खेळावे. तिथे रोज संध्याकाळी कोळ्या-आगऱ्यांचे बाप्ये खेळतच होते. त्यांना कोणी बोलावलेले नसे आणि कोणी हटकतही नसे. पण तिसऱ्या मास्तरांनी असे उठून वाळूत लोळायचे म्हणजे गावाने काय म्हणायचे? तेच जर 'सार्वजनिक मैदानी खेळांचा समारंभ' असेल आणि त्याला कमिटी असेल, तर लोळण्यालाही प्रतिष्ठा येते. पंतांनी कमिटी काढली.

अध्यक्ष झाले पेन्शनर मुनसफ भाऊसाहेब. पहिल्या सभेत पंतांनी नियम वाचले. "एका गड्याने दुसऱ्याला शिवले असता शिवलेला गडी बाद होतो."

"बरोबर आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आपल्याकडे पूर्वापार तेच चालत आलंय."

"भाऊसाहेब, हा खेळातला नियम आहे."

"खेळात आता आला असेल. गावात पहिल्यापासून आहे."

शेवटी ब्राह्मणआळीच्या गड्यांसाठी खेळानंतर अंघोळीच्या अकरा घागरी ठेवाव्यात असा ठराव झाला. मग घागरी कोण भरणार, दोरी कोण धरणार, सतरंज्या कोण घालणार, असा प्रश्न निघाला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा पंतांनी वर्तमानपत्रात नुकताच वाचलेला एक शब्द बाहेर काढला: व्हालंटियर. सगळ्यांनी तो एकेकदा म्हणून पाहिला. भाऊसाहेबांना पुढचे दात नसल्यामुळे तीनदा म्हणावा लागला. तिथल्या तिथे चाळीस नावे घालण्यात आली. त्यांतले सदतीस जण सभेला हजर नव्हते.

बंदराची जागा सरकारी, म्हणून ठाण्याच्या संकीर्ण दप्तराकडे अर्ज गेला: 'सदरहू समारंभ गावातील चाळीस व्हालंटियर स्वखुशीने चालवतील. सबब परवानगी व्हावी.' हे वाक्य पंतांना इतके आवडले की त्यांनी ते घरी बायकोलाही वाचून दाखवले.

"खेळायचंय तर खेळून या की," गोदूबाई म्हणाल्या. "अर्ज कशाला?"

बायकांना सार्वजनिक कामातले काही कळत नाही, असे पंतांनी मनात म्हटले.

त्या वर्षी रशिया अफगाणिस्तानच्या वेशीवर येऊन ठेपला होता. गोऱ्यांच्या व्हालंटियर पलटणी कवायती करीत होत्या, आणि आम्हालाही बंदुका देऊन व्हालंटियर करा, असे नेटिवांचे अर्ज सरकारकडे जात होते. सरकारला ती कल्पना बिलकूल पसंत नव्हती. नेमक्या अशा वेळी कल्याणहून कागद येऊन पडला की आमच्याकडे चाळीस तयार आहेत.

तेराव्या दिवशी जबाब आला. चाळिसांचा सरदार कोण, हत्यारे कोणती, ती कोठे ठेवली आहेत, आणि रशियाशी लढण्याचा विचार आहे की त्याच्या बाजूने, याचा खुलासा अर्जदाराने समक्ष येऊन करावा. दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून पंत आगगाडीने ठाण्याला गेले.

दप्तराचे चिटणीस प्रभाकरपंत सालस गृहस्थ होते. त्यांनी पंतांना आधी पाणी दिले, मग पान दिले, आणि मग टाक शाईत बुडवला.

"चाळीस माणसं करणार काय?"

"दोरी धरणार."

"ती कशाला?"

"लोकांनी आत येऊ नये म्हणून."

प्रभाकरपंतांनी लिहिले: नाकेबंदी. "आणि आत काय ठेवणार?"

"पाणी, गूळ, लिंबं."

प्रभाकरपंतांनी लिहिले: रसद.

"अहो, तो शब्दच चुकला माझा!" पंत कळवळून म्हणाले. "द्या इकडे, खोडून टाकतो."

"दाखल झालेल्या कागदातला शब्द खोडणार? गद्रे, तुम्हाला मुलंबाळं आहेत ना?" प्रभाकरपंतांनी कागद जवळ ओढून घेतला. "मार्ग एकच. हे व्हालंटियर नाहीत असं शाबीत करा. व्हालंटियर कोण? जो स्वखुशीने करतो तो. तेव्हा आम्ही हे काम स्वखुशीने करत नाही, एवढं चाळिसांकडून लिहून आणा. आहे काय त्यात?"

पुढचे पंधरा दिवस पंत दारोदार हिंडले. मसुदा भाऊसाहेबांनी स्वतः करून दिला होता: 'मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की, सदरहू काम मी राजीखुशीने करणार नाही.' सत्तावीस जणांनी सह्या केल्या, तेरा जणांनी अंगठे उठवले. एकानेही खळखळ केली नाही. पंतांच्या कमिटीने आजवर काढलेल्या कागदांपैकी हाच एक कागद लोकांना मनापासून पटला होता.

बंदरावरून जाताना गुणाजी भेटला. "पंत, कवा खेलाचा?"

"चाललंय. कागद ठाण्याला आहे."

"मंग कागुद खेलनार हाय का?"

पंत झपझप पुढे निघाले. पण त्या रात्री त्यांनी माजघराचे दार लावून घेतले आणि दम किती टिकतो ते मोजून पाहिले. बाराव्या 'हुतुतू'ला खोकला आला.

दिवाळीच्या तोंडावर दुसरे पत्र आले. चाळीस इसमांना त्यांच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपले जात आहे, असे त्यांच्याच सह्यांनिशी दप्तराच्या नजरेस आले आहे. वेठ घेण्यास मनाई आहे. सबब वेठ घेणारा हरिहर बल्लाळ गद्रे याजवर काम का चालवू नये, आणि असा इसम मास्तरकीवर कसा, याचे कारण दाखवावे.

पंतांनी पुन्हा ठाणे गाठले. "चिटणीस, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "स्वखुशीने केलं तर फौज, नाखुशीने केलं तर वेठ. मग माणसाने करायचं तरी कसं?"

"हुकमाने," प्रभाकरपंत म्हणाले. "हुकमाने करणाऱ्याला खुशी कोणी विचारत नाही. मी बाविसावं वर्ष करतोय."

आणि त्या भल्या गृहस्थाने खरोखरच पंतांना त्यातून सोडवले. चाळिसांची 'हुकमी इसम' म्हणून नोंद झाली. त्यांना हुकूम द्यायला कोणीतरी हवे म्हणून पंतांना 'निरीक्षक, मैदानी खेळ' नेमण्यात आले, आणि निरीक्षक ओळखू यावा म्हणून खांद्यावरून घ्यायचा एक लाल पट्टा देण्यात आला. पंतांच्या जिवात जीव आला. पट्टा त्यांना शोभतही होता.

"आता गडी किती?" प्रभाकरपंतांनी विचारले.

"दोन्ही बाजूंचे मिळून अठरा."

"ते का खेळतात?"

"का म्हणजे? हौस म्हणून."

टाक थांबला. "हौस म्हणजे स्वखुशीच की हो. बरं, खेळात होतं काय?"

"एक गडी दम धरून समोरच्यांच्या हद्दीत शिरतो, जमतील तितके मारतो आणि धरपकड व्हायच्या आत परत येतो."

प्रभाकरपंतांनी उठून दार लोटून घेतले. "गद्रे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे तुम्ही शाळेत शिकवता?"

गडी रद्द झाले. पंतांनी पुष्कळ गयावया केली, पण रशियाचा मामला असल्यामुळे प्रभाकरपंतांचाही नाइलाज होता. राहता राहिले प्रेक्षक.

"ते काय करतात?"

"काही नाही. टाळ्या वाजवतात. त्याही शेजाऱ्याने वाजवल्या तर."

"मग त्यांना आमची हरकत नाही," प्रभाकरपंत म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

पंत चाचरत म्हणाले, "चिटणीस, मला फक्त एकदा... गुणाजी म्हणून एक आहे. एकच चढाई. तेवढ्यासाठीच हे सगळं काढलं होतं मी."

"निरीक्षक खेळला तर निरीक्षण कोण करणार?" प्रभाकरपंतांनी मायेने विचारले.

परतीच्या गाडीत पंतांना वाईट वाटले. खूपच वाईट वाटले. पण मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी हायसेही वाटते आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. बोगदा संपताच त्यांनी तो विचार सोडून दिला.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी समारंभ झाला. सहाशे माणूस लोटला. वाळूवर चुन्याने आखलेले पट अगदी काटकोनात होते आणि त्यांवर एक पाऊल उमटलेले नव्हते. चारी बाजूंना चाळीस हुकमी इसम दोरी धरून उभे होते. अकरा घागरी काठोकाठ भरल्या होत्या. भाऊसाहेबांनी व्यायामाच्या महत्त्वावर सव्वा तास भाषण केले. गुडघे धरल्यामुळे ते त्यांनी बसून केले.

"खेळ कधी सुरू व्हायचा?" तिसऱ्या रांगेतल्या एकाने हळूच विचारले.

"चालू आहे," शेजारचा म्हणाला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

इतक्यात खाडीच्या बाजूने गुणाजी आला. होडी लावून तसाच, गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला रुमाल. दोरीखालून वाकून तो आत शिरला. हुकमी इसमांना याबद्दल हुकूम नव्हता, त्यामुळे ते बघत राहिले. मधल्या रेघेपलीकडे जाऊन तो उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा 'पंत' न म्हणता हाक मारली.

"ये रे हरी! कोन नाय अडवत. ये."

खरेच कोणी अडवत नव्हते. ठाण्याहून एक शिपाईसुद्धा आलेला नव्हता. भाऊसाहेबांना डुलकी लागली होती. पंत उठले. पगडी त्यांनी खुर्चीवर ठेवली. छातीत आपोआप दम भरला आणि पाय वाळूत रुतत रेघेपर्यंत गेले. मास्तर आता काय करतात म्हणून मागच्या रांगा उभ्या राहिल्या.

रेघेवर पंतांना बारावे 'हुतुतू' आठवले. आज दम तुटला तर? आजवर ते बोटभर अंतर वादातले तरी होते. आज सहाशे साक्षीदारांसमोर त्याचा निकाल लागला असता, आणि मग दुपारी आडवे झाल्यावर आठवायला काय राहिले असते? पंत घाबरले. साफ घाबरले. त्यांचा हात खांद्यावर गेला आणि तिथे पट्टा लागला.

"गुणाजी," त्यांनी विचारले, "अर्ज केलायस?"

"कनाचा अर्ज?"

"गडी म्हणून. परवानगीवाचून पटात उभं राहता येत नाही."

गुणाजी सरळ उभा राहिला. त्याला राग आला नव्हता, आणि तेच पंतांना सोसवेना. "तवा मीच खोटा बोललो व्हतो," तो म्हणाला. "तुजा हात लागला व्हता रेघेला, हरी. आज सांगनार व्हतो, खेलून झाल्यावर." मग तो दोरीखालून वाकून होडीकडे निघून गेला. कोणीतरी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली.

खेळ शांततेत पार पडल्याचा अहवाल ठाण्याला गेला. पंत यथावकाश दुसरे मास्तर झाले, मग पेन्शनीत निघाले. पुढे तीस वर्षे, कोणी विषय काढो न काढो, ते सांगत राहिले: "कचेरीने परवानगी दिली नाही, नाहीतर गुणाजीला दाखवलाच असता!" ऐकणारे हळहळत, सरकारला दोन शिव्या देत. पंत मात्र सरकारला कधी बोलले नाहीत. आपल्यावर कोणाचे केवढे उपकार आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तुम्ही हसलात? हसा, हरकत नाही. तुमचेही एखादे 'नाहीतर' असेलच. घरच्यांनी करू दिलं नाही, वेळच मिळाला नाही, साहेबाने सही केली नाही. नाहीतर दाखवलंच असतं. ते कोणत्या दप्तरात पडून आहे तेवढे कळवा. संकीर्ण दप्तरात आमची थोडी ओळख आहे. ते तिथून कधीच मंजूर होऊन येणार नाही, अशी व्यवस्था करता येईल.