शेवटचा रकाना

मेश्राम एकदा ऑफिसात शर्ट उलटा घालून आला. शिवणी बाहेर, मानेवर लेबल. मी दाखवून दिलं तर म्हणाला, "कापड तेच हाये न बे!" आणि दिवसभर तसाच बसला.

चंद्रपुरातल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात त्याच्या तोडीचा प्रोग्रामर नव्हता. पण वेबपान दिसतं कसं, हा विषय निघाला की त्याचं डोकं फिरायचं. रंग, अक्षरांचा आकार, फोनवरची मांडणी, म्हणजे आमच्या धंद्यातलं सीएसएस, हा सगळा त्याच्या लेखी 'मेकअप'. स्वतःच्या लग्नाच्या बायोडाट्यातही त्यानं फोटो लावला नाही. लग्न अर्थातच जमलं नाही.

मग वाघाच्या सूचनांचं काम आलं. आमच्याकडे बाया पहाटे मोहाची फुलं वेचायला रानात जातात. कुठल्या गावालगत वाघ फिरतोय ते त्यांना फोनवर कळावं, एवढंच हवं होतं. मेश्रामनं सगळ्या गावांचा तक्ता केला: तालुका, गाव, वनखंड, तारीख आणि वाघ असेल तिथे शेवटच्या रकान्यात 'जाऊ नका'. फोनवर तो रकाना पडद्याबाहेर जायचा.

"अबे, मेन गोष्टच दिसून नाई राह्यली," मी म्हटलं.

"माहिती बरोबर हाये न? ज्याले पाह्यचं हाये तो सरकवून पाह्यन."

नागभीडकडच्या एका गावात त्याची मोठी बहीण राहायची. तो तिला बाई म्हणायचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. पान उघडायला त्यानंच तिला शिकवलं होतं, आणि ती गावभर सांगायची, "माया भावानं बनवलं." एका पहाटे तिनं गावाचं नाव पाहिलं, पुढे काही दिसलं नाही, तशी टोपली घेऊन निघाली. सोबतची शेजारीण ओरडत परत आली. बाईला माणसांनी दुपारी चादरीत बांधून आणलं.

माहिती बरोबरच होती.

आठवड्यानं मेश्राम आला, माझ्याजवळ खुर्ची ओढून म्हणाला, "मले ते सीएसएस शिकव." चाळिशीतला हा हट्टी माणूस मान खाली घालून शिकला. मला बघवत नव्हतं. आता नवे लोक विचारतात, "सर, डिझायनर असताना सगळ्यांनीच हे कशाला शिकायचं?" तो चिडत नाही. "तुयं पान कोन पाह्यते, माहीत हाये काय तुले?" एवढंच विचारतो.

आता इशारा पडदाभर दिसतो, मोठ्या लाल अक्षरांत. तरी मोहाच्या दिवसांत तो रोज संध्याकाळी बाईच्या गावात घरोघरी फोन लावतो. "पान उघडलं काय? काय लिहून हाये, वाचा बरं." बाया चुलीपुढे बसून वाचून दाखवतात.

परवा एकीनं वैतागून विचारलं, "रोज रोज काऊन विचारता, भाऊ?"

मेश्राम म्हणाला, "माया बाईले नव्हतं विचारलं."