प्रायमरच्या पोटाचा नमुना

रोज सकाळी दहा वाजता आमचे शेजारी दाणीकाका आपल्या कुत्र्याला अंगणात उताणं झोपवत, त्याच्या पोटाशी रंगवलेली पत्र्याची पट्टी धरत आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "पास!"

काकांची उभी हयात झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांचा रंग तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर डबे सुटले, तपासणी सुटली नाही. माझ्या मुलीच्या लग्नातला शालू त्यांनी भर मांडवात नापास केला होता. पदर आणि काठ म्हणे रंगाच्या एका घाण्यातले नव्हते. "उजेडात या, मग बोला," हे त्यांचं पालुपद. दहाच्या आधीचा उजेड पिवळट, चारनंतरचा तांबूस, म्हणून मत द्यायचं ते दहालाच.

कुत्रा रंगाआधी देतात त्या पहिल्या हातासारखा पांढरा, म्हणून त्याचं नाव प्रायमर. मालतीकाकू गेल्या त्या वर्षी तो आपण होऊन दारात येऊन बसला. काकांनी पहिल्याच दिवशी त्याच्या पोटाच्या गुलाबीशी जुळणारा तेलरंग कालवून पट्टीवर लावला. "कातडीचा रंग बदलला की आत काहीतरी बिघडलं समजायचं." एकदा पोटावर काळे ठिपके आले, तर ते आठवडाभर जनावरांच्या डॉक्टरच्या मानगुटीवर बसले. "बाबूजी, उमर के दाग़ हैं," डॉक्टर हात जोडून म्हणाला. आम्ही खूप हसलो. मी जरा जास्तच.

पट्टी उन्हानं विटू नये म्हणून काका ती फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवत.

यंदा प्रायमर मंदावला. पोळीला तोंड लावेना. काका पट्टी लावून बघत. "रंग पास आहे. ऊन बाधलं असेल."

मग भाजीवाली रामकली आली. ती बरुआसागर गावाहून भाजी आणि आलं आणते; लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने आली नव्हती. टोपली उतरवता उतरवता ती किंचाळलीच, "हाय राम, बाबूजी! तुमाओ कुत्ता तो हरदी सौ पीरो हो गओ!"

"पीला? कहाँ पीला?" काका भडकले. पेटीतून पट्टी आणून त्यांनी ती कुत्र्याच्या पोटाशी धरली. "देखो. मैच है कि नहीं?"

रामकली वाकली. "मैच तो है, बाबूजी. पर जा पट्टी सोई पीरी है."

काकांनी पट्टी उन्हात धरून पाहिली; तीसुद्धा पिवळी होती. तेलरंग अंधारात राहिला की पिवळा पडतो, हे ते वर्कशॉपात प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत. हे त्यांनीच मला पुटपुटत सांगितलं. पट्टी आणि कुत्रा बरोबरीनं पिवळे होत गेले होते आणि काका रोज पास करत होते.

डॉक्टरनं हिरड्या पाहिल्या, कान उलटून पाहिले. कावीळ. यकृत गेलेलं. "महीना भर पहले ले आते तो…" म्हणत त्यानं कुत्र्याचा कान पुन्हा सरळ केला. चार दिवसांनी प्रायमर गेला.

मागच्या कडुलिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. काका माती थोपटत म्हणाले, "मालतीच्या वेळीही असंच झालं. रोज समोर वावरत होती, मला काही दिसलं नाही. तिचा भाऊ नागपूरहून आला आणि दारातूनच म्हणाला, अगं ताई, किती पिवळी पडलीस. म्हणून तर पट्टी केली होती रे."

इतकी वर्षं आपण कशाला हसत होतो, ते कळून मला स्वतःची शरम वाटली.

पुढच्या आठवड्यात, बरोबर दहा वाजता, काका आमच्या फाटकात उभे. "उजेडात ये." त्यांनी मला अंगणात उभं केलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. हातात पट्टी नव्हती.

"पास ना, काका?" मी उसनं हसून विचारलं.

"मला नको विचारू," ते म्हणाले. "कुणी बाहेरगावचं आलं की त्याला विचार. मी तुला रोज बघतो."