भांडगावला नेलेला केक

“केक म्हंजी काय, गोड भाकरच की! फकस्त फुगलेली!” कारेगावच्या हौशीरामने हे गोठ्यातल्या म्हशीला ऐकवलं, कारण घरात ऐकायला बायको नव्हती. ललिता आठवडाभर माहेरी, भांडगावला होती. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला, भरल्या पंगतीत, तो छाती फुगवून म्हणाला होता, “हिला दिवसभर काम तरी काय असतं? दोन भाकरी थापल्या की मोकळी!” पंगत हसली. ललिता हसली नाही. निघताना ती गाडीवर बसलीच नाही.

तेव्हापासून हौशीरामला घास गोड लागत नव्हता. माफी मागायची तर त्याच्या जिभेला सवय नव्हती. फोन लावायचा, ‘मोटरीला लाइट आली’ एवढं सांगायचा आणि ठेवून द्यायचा! पण आज ललिताचा वाढदिवस. आज स्वतःच्या हाताने केक करायचा, तिच्यापुढे ठेवायचा आणि तिला घेऊन यायचं. तोंड उघडायची गरजच नाही!

मोबाइलमधल्या बाई जुन्या पद्धतीचा मसाला केक शिकवत होत्या. “मैदा घ्या,” त्या म्हणाल्या. मैदा नव्हता, त्याने गव्हाचं पीठ घेतलं. “लोणी घ्या.” ललिता गेल्यापासून ताक कुणी घुसळलंच नव्हतं! तुपाच्या बरणीचा तळ खरवडला. साखर संपलेली, म्हणून गूळ किसला, त्यात दोन बोटं सोलली. खायचा सोडा तेवढा चटकन सापडला. एकेक रिकामा डबा उघडताना हौशीरामला स्वतःचीच लाज वाटत होती. हे डबे आपोआप भरतात, असंच तो आजवर समजत आला होता.

“आता दालचिनी, लवंग, जायफळाची पूड,” बाई म्हणाल्या.

मांडणीवर, पार मागे, एक डबी होती. आत काळसर पूड. वास घ्यावा तर सर्दीने नाक चोंदलेलं. त्याने ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आईला हाक मारली, “आये, मागल्या डबीत काळं काय हाय गं?”

कुशाबाईंचा हात थांबला. “काय असणार? मसाला!”

“गरम मसाला?”

“व्हय, लई गरम! ठिव तितंच! हात लावू नगंस!”

म्हातारीचा जीव मसाल्यात, दुसरं काय! हौशीरामने गुपचूप दोन चमचे भरून घातले आणि डबी जागच्या जागी ठेवली. कुकरची शिट्टी काढली, तळाला मीठ पसरलं, वर केकचं भांडं ठेवलं. आणि काय सांगावं, केक चक्क फुगला!

“सून माझी हाय, मीच आणते तिला,” म्हणत कुशाबाई डबा मांडीवर घेऊन गाडीवर मागे बसल्या. न्हावरा गेलं, चौफुला गेला, भांडगाव आलं.

ललिताने डबा उघडला. “कुणी केला?”

“मी.”

ती केककडे बघत राहिली. “गूळ कुठं घावला तुम्हाला?”

“समदं घर हुडकलं.”

ललिता हसली! डोळ्यांत पाणीही आलं. हौशीरामला वाटलं, झालं, जिंकलं! आता नुसती पिशवी उचलायची.

तेवढ्यात सासरे पोपटराव पुढे सरसावले. “जावयानं रांधलंय! मान आमचा पयला!” तळहाताएवढा तुकडा त्यांनी दोन घासांत आत ढकलला. आधी उचकी लागली. मग घाम फुटला. मग त्यांनी दाराची चौकट धरली. “ललिते, घर का फिरतंय गं?”

त्यांना अंगणातल्या बाजेवर आडवं केलं. ललिताने नुकताच तोंडात घातलेला घास थुंकला. आणि कोपऱ्यातून कुशाबाई म्हणाल्या, “हौश्या, लई झ्याक झालाय! आजून एक तुकडा दे की!”

ललिताने केक नाकाशी धरला. मग सासूकडे पाहिलं. “आत्या, ही मिसरी हाय!”

मिसरी! तव्यावर जाळलेली तंबाखू! डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली, आणि कुशाबाईंनी गेल्या दिवाळीत सगळ्यांदेखत सोडलेली!

“म्हणलं व्हतं ना, हात लावू नगंस म्हणून!” कुशाबाईंनी उरलेला तुकडा पदराआड घेतला.

ललिता लिंबू पिळता पिळता नवऱ्यावर उखडली. “एवढा खटाटोप कशापायी? ‘चुकलो’ म्हणायला काय धाड भरली व्हती?”

हौशीरामने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. “बादली!” पोपटराव ओरडले. ललिता धावली.

संध्याकाळपर्यंत पोपटरावांचं डोकं काही थाऱ्यावर आलं नाही. “दादांना असं टाकून मी येत न्हाई,” ललिता म्हणाली. “आन् आत्याबी हितंच ऱ्हात्याल. घरी गेल्या की डबी काढत्याल.”

बायकोला आणायला गेलेला हौशीराम आईलाही ठेवून निघाला! फाटकापाशी त्याने गाडी चालू केली. ललिता सोडायला आली होती.

“चुकलो मी, ललिता,” तो एकदाचा म्हणाला.

“आँ? गाडीच्या आवाजात कळंना! काय म्हणालात?”

मागे बाजेवर पोपटरावांनी मान वर केली. कुशाबाईंनीही कान टवकारले.

“काय न्हाई,” हौशीराम म्हणाला. “मोटरीला लाइट आली आसंल, निघतो म्हणलं.”