चिमणीच्या धुराची मोहीम

समस्त वाचकांस विदित व्हावे की, नव्या वीजकेंद्राची मुदत कैसी राखिली आणि सरकारी खजिन्याचा दुसरा हप्ता कैसा सर जाहला, हे उद्या कोणी पुसेल तर अंधारात चाचपडावे लागू नये, सबब ही हकीकत लिहून ठेविली आहे.

मोहिमेचे मूळ एका ओळीत आणि ती ओळ प्रकल्प कचेरीतील कारकून सूनबाई यांची. सूनबाई पदवीधर, नोकरी हंगामी, पदरी नऊ महिन्यांचे मूल, आणि गॅसचे बटण दोनदा पाहिल्यावाचून उंबरा न ओलांडणाऱ्या. त्यांस सासूबाईंनी नातवाला भरवता भरवता एके दिवशी ताकीद दिली, "कागदावर लिहिताना जरा बघून लिहीत जा गं. तू लिहून मोकळी होतेस, करावं कुणाला तरी लागतं." सूनबाईंनी हो हो म्हणून डबा पिशवीत टाकिला आणि त्या कचेरीस रवाना जाहल्या.

त्याच दिवशी खजिन्याचे फर्मान आले की, वर्षअखेर केंद्राची प्रगती उघड्या डोळ्यांस दिसेल ऐसी एक खूण कळवावी. ती मुदतीत दिसली तर हप्ता, न दिसली तर रक्कम माघारी आणि कचेरीस टाळे. थोरले साहेब कोनशिलेवर कोणाचे नाव वर घ्यावे या मसलतीत बुडालेले, आणि पाळणाघर बंद होण्यास पंधरा मिनिटे उरलेली. मग सूनबाईंनी आपल्या मनाने लिहिले, 'चिमणीतून धूर दिसावा', आणि साहेबांनी न वाचता सही ठोकिली, कारण वाचून सही करण्याचा वाईट पायंडा त्या दफ्तरी कोणी पाडिला नव्हता.

आता केंद्राचा मजकूर ऐसा की, चिमणीचा ठेकेदार चलाख, त्याने दोनशे फुटांची चिमणी उभारून पैसे घेऊन पोबारा केला. बॉयलरच्या खड्ड्यात पाणी साचून बेडकांनी कायमचा मुक्काम केला होता आणि टर्बाइनच्या निविदेस चौथी मुदतवाढ चालू होती. सबब चिमणी तेवढी आभाळाशी बोलत होती आणि खाली बोलावयास काहीच नव्हते.

मुदतीस आठ दिवस उरता साहेबांचे डोळे उघडले आणि खासा स्वारी सूनबाईंच्या दोन खोल्यांच्या घरी आली, कारण सूनबाईंचे सासरे मामंजी हे तीस वर्षे बॉयलरपुढे कोळसा ओढलेले नामांकित फायरमन. डॉक्टरांनी त्यांस धुराची बंदी केली होती, जिना चढता त्यांची छाती पेटीसारखी वाजे. साहेबांनी कचेरीच्या टाळ्याची गोष्ट सूनबाईंकडे बघत बघत सांगितली.

मामंजी म्हणाले, "साहेब, तीस वर्षं मी चिमणीतून धूर दिसू नये म्हणून झटलो. काळा धूर दिसला की समजावं, खाली फायरमन गाढव आहे. आता तेवढ्यासाठीच बोलावताय होय?"

सासूबाई आतून म्हणाल्या की, गाढवाला निदान हिरवा चारा तरी घालतात. सूनबाई म्हणाल्या की, मामंजी, नको, मी दुसरीकडे नोकरी बघीन. मामंजींनी पाळण्याकडे पाहिले आणि मफलर उचलिला.

मुदतीच्या दिवशी तपासणी पथक दाखल जाहले आणि मंडपातल्या सावलीत, चिमणीपासून अर्ध्या कोसावर, खुर्च्या टाकून बसले. मामंजी चिमणीच्या बुडाशी असलेल्या लोखंडी दारातून आत शिरले, धूर खालून फुटू नये म्हणून दार ओढून घेतले आणि ओली पोती, डांबर लागलेल्या फळ्या आणि निविदांचे जुने मसुदे, येणेप्रमाणे दारूगोळा रचून आग लाविली. परंतु चिमणी थंड, धूर वर न चढता त्यांच्याच अंगावर उलटला. पथकप्रमुखांनी घड्याळ पाहिले, साहेबांनी घाम पुसिला. मग मामंजींनी तोंडास मफलर बांधून आणखी आत जाऊन सुके गवत पेटविले, हवा तापविली, आणि अखेर चिमणीच्या टोकावर काळी रेघ उमटली. मंडपात टाळ्या जाहल्या. सूनबाई टाळ्या सोडून धावत सुटल्या आणि दार उघडून मामंजींस बाहेर ओढिले, तेव्हा त्यांचे ओठ निळे होते.

"दिसला का?" एवढेच त्यांनी विचारिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुसरा हप्ता मंजूर, केंद्रास तीन वर्षांची मुदतवाढ, साहेबांस बढती, आणि खजिन्याचा नवा हुकूम की, केंद्र पूर्ण होईतो दर सोमवारी अकरा वाजता धूर दिसलाच पाहिजे. त्यासाठी फायरमनचे एक पद मंजूर, मदतनिसाचे पद नामंजूर, कारण धूर एकाच चिमणीचा आहे. मामंजी दर सोमवारी जातात. घरी कोणी काही म्हटले तर म्हणतात की, आता तर मी सरकारी गाढव आहे. धूर दिसल्याची वेळ नोंदविण्याचे काम सूनबाईंकडे आहे आणि हुकुमाप्रमाणे नोंद संपेतो त्यांस कचेरीची खिडकी सोडता येत नाही. तेथून चिमणीचे टोक दिसते, बूड दिसत नाही.

म्हणोन सूनबाईंची वाचकांस हात जोडून अर्जी आहे की, सोमवारी अकराच्या सुमारास त्या रस्त्याने जाणे जाहले आणि धूर येता येता थांबलेला दिसला, तर क्षणभर थांबावे. कुंपणास फाटक अद्याप बसलेले नाही. चिमणीच्या बुडाशी लोखंडी दार आहे, कडी बाहेरून आहे. ते वाजवावे आणि मोठ्याने 'मामंजी' म्हणून हाक मारावी. ओ आली नाही, तर कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता दार उघडावे.